राखी सोंडा : पानाची कड पाहिली, मूळ पाहिले का?



गेल्या पंधरवड्यात शिरूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. पाकिटात वांग्याची दोन वाळलेली पाने होती आणि काड्यापेटीत कापसात गुंडाळलेला एक किडा होता. पत्र अवघे चार ओळींचे. ‘पाने कडेने कातरल्यासारखी होतात. आठ-दहा झाडांनी माना टाकल्या आहेत. दुकानातून दोन औषधांच्या बाटल्या आणून ठेवल्या आहेत. आधी कोणती मारू?’

किडा पाठवला, याचे मला फार समाधान वाटले. या सदराला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘पिकावर कीड पडली आहे, औषध कळवा’ एवढेच असते. कीड पानावर आहे की मुळाशी, दिवसा दिसते की रात्री, यातले काहीच नसते. डॉक्टरांकडे जाऊन ‘दुखते आहे, गोळी द्या’ एवढेच म्हणावे, तसे ते होते. या भगिनीने मात्र चोर पकडूनच पाठवला. तरीही मी तिला औषध लगेच कळवले नाही. उलट एक काम सांगितले. ते कोणते आणि का, हे आज सर्वांनाच सांगावयाचे आहे.

हा किडा कोणाच्या घराण्यातला?

काड्यापेटीतला किडा होता राखी सोंडा. कोणी त्याला करडा भुंगा म्हणतात, कोणी राखी भुंगेरा. नावे वेगळी असली तरी किडा तोच.

सोंड्यांचे घराणे आमच्या भगिनींना नवे नाही. तांदूळ किंवा ज्वारी पाखडताना सुपात जो बारीक तपकिरी किडा पुढे सोंड काढून चालताना दिसतो, तो याच घराण्यातला. आंब्याची कोय फोडल्यावर आतून निघणारा काळपट भुंगा, कोकणात नारळाच्या खोडात शिरणारा तांबडा सोंड्या, केळीचा गड्डा पोखरणारी सोंडकीड, हे सगळे त्याचे भाऊबंद. जगात या घराण्याच्या साठ हजारांच्या आसपास जातींची नोंद झाली आहे.

यातल्या काही शाखा कोरड्या मुलखातच रमल्या. वाळवंटात, माळरानावर, कमी पावसाच्या पट्ट्यात हे सोंडे झुडपाच्या बुडाशी आणि मातीच्या ढेकळाआड राहतात. त्यांचे अंग मातीच्या नाहीतर राखेच्या रंगाचे, त्यामुळे हलले नाहीत तर नजरेस पडत नाहीत. धान्यातल्या सोंड्यावर पुष्कळ लिहिले गेले, कारण तो कोठारात शिरला. माळावरच्या सोंड्यांकडे मात्र ते मोठ्या पिकावर येईपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. आपला राखी सोंडा त्यातल्या त्यात माहितीचा. तोही शिरूर, बारामती, इंदापूर, माण, खटाव अशा कोरडवाहू तालुक्यांत बांधाबांधावर असतो, पण त्याला नावाने ओळखणारे थोडे.

ओळख कशी पटवावी?

किडा पकडून पांढऱ्या कागदावर ठेवावा. मुलांच्या दप्तरातले साधे भिंग मिळाले तर उत्तम.

पहिली खूण सोंडेची. धान्यातल्या सोंड्याची सोंड लांब, बारीक आणि किंचित वाकलेली असते. राखी सोंड्याची सोंड आखूड, रुंद आणि बोथट असते. ती सोंड न वाटता पुढे आलेला जबडाच वाटतो. म्हणून पुष्कळ लोक याला सोंड्यांत धरतच नाहीत.

दुसरी खूण मिशांची. आपला हात कोपरात वाकतो तशा याच्या मिशा मध्येच वाकलेल्या असतात. ही खूण दिसली की किडा सोंड्यांपैकी आहे असे समजण्यास हरकत नाही. शेतातल्या इतर भुंगेऱ्यांच्या मिशा सहसा अशा नसतात.

तिसरी खूण रंगाची. अंगावर पांढरट करड्या खवल्यांचा थर असतो. चुना किंवा चुलीतली राख उडाल्यासारखा तो दिसतो. त्यावर काळपट ठिपके असतात. डोक्याच्या बाजूला कधी पिवळसर झाक असते. किडा चिमटीत चोळला तर हे खवले निघतात आणि खाली काळे अंग दिसते. म्हणून जुना, झिजलेला किडा काळपट दिसला तर फसू नये.

चौथी खूण मांडीची. मागच्या पायाची मांडी भिंगाखाली पाहिली तर आतल्या कडेला बारीक काटे दिसतात.

पाचवी खूण वागण्याची, आणि ती भिंगावाचूनही कळते. झाडाला धक्का लागताच हा पाय आखडून टपकन खाली पडतो आणि मेल्याचे सोंग घेतो. मातीच्या रंगात मिसळून जातो. दोन-चार मिनिटे गप्प राहिलात तर हळूच चालू लागतो.

आकार म्हणाल तर सहा ते साडेआठ मिलिमीटर, म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. धान्यातला सोंडा याच्या निम्माच असतो.

राखी सोंड्याच्या भावकीत आणखी काही जाती आपल्या पिकांवर येतात. एक फिकट हिरवी आणि लहान असते, एक तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची असते. त्यामुळे रंग थोडा वेगळा दिसला तरी सोंड, मिशा आणि वागणे या तीन खुणा सोडू नयेत.

माझ्या हातून झालेली चूक

आता थोडे स्वतःविषयी. १९९७ सालची गोष्ट. मी बी. एस्सी. करून नोकरीत नवा होतो. पदवीचा ताठा होताच. पुरंदर तालुक्यातल्या एका गावी एका शेतकऱ्याच्या अर्ध्या एकर वांग्यात झाडे माना टाकू लागली. त्यांना सारा गाव आबा म्हणे, मीही आबाच म्हणत असे. मी बांधावर उभा राहून पाहिले. दुपारी झाड कोमेजते, सकाळी थोडे तरारते, चार दिवसांनी वाळते. मी सांगितले, “आबा, हा मर रोग. तांबेयुक्त औषधाचे पाणी बुडाशी ओता.”

पानांच्या कडा कातरल्या होत्या, तेही मला दिसले होते. पण पाने कोणीतरी खाणारच, असे म्हणून मी ते सोडून दिले.

आबांनी दोनदा औषध ओतले. पैसे उसने आणलेले होते. तिसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा निम्मा तुकडा वाळला होता. आबा काही बोलले नाहीत. त्यांच्या मंडळींनी मात्र वाळलेले एक झाड उपटून माझ्यापुढे धरले. म्हणाल्या, “सायेब, मुळीच न्हाईत की हिला. कशाचा रोग?” मुळांची साल सगळी कुरतडलेली. खुरप्याने खालची माती उकरली, तर भाताच्या शितासारख्या पांढऱ्या, बिनपायांच्या बारीक अळ्या निघाल्या.

त्या वांग्यांच्या पैशावर आबांच्या धाकट्या मुलीची शाळेची फी आणि विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती ठरलेली होती. फी कशीबशी भरली गेली. मोटार त्या वर्षी झाली नाही आणि रब्बीचा हरभरा पाण्यावाचून हातचा गेला. मला कोणी दोष दिला नाही. पण झाड उपटायला लागतो अर्धा मिनिट, आणि तेवढा मी दिला नव्हता.

अळ्या आणि चार भुंगे बाटलीत घालून मी पुण्याला कृषी महाविद्यालयात नेले. कीटकशास्त्राच्या आमच्या गुरुजींनी संग्रहातली पेटी काढली आणि टाचणीला टोचलेल्या ओळीत माझा भुंगा नेऊन ठेवला. दोन्ही सारखेच. गुरुजी म्हणाले, “पान खाणारा बाप आणि मूळ खाणारे पोर एकच. तू बाप पाहिलास आणि पोराला रोग म्हणालास.” ते वाक्य मी आजवर विसरलो नाही. पुण्यात आमच्या गच्चीवर कुंडीतल्या गुलाबाची पाने कडेने कातरलेली दिसली की अजूनही आधी कुंडीतली माती उकरतो.

वरचा आणि खालचा कारभार

गुरुजींच्या त्या वाक्यातच या किडीचे सारे मर्म आहे. भुंगे वर राहतात आणि पाने कडेकडून खात आत जातात. त्यामुळे पानाला अर्धगोल खाचा पडतात. ठिपक्यांचा भुंगेरा पानाचा हिरवा भाग खरवडतो आणि जाळी करतो. उड्या मारणारे बारीक भुंगे पानाच्या मधोमध छिद्रे पाडतात. कडेच्या खाचा दिसल्या की आधी राखी सोंडा आठवावा.

मादी आपली अंडी जमिनीच्या वरच्या थरात, पालापाचोळ्यात घालते. एका मादीपासून साडेतीनशेच्या आसपास अंडी मिळाल्याची नोंद आहे. तीन ते पाच दिवसांत अंडी उबतात. अळ्या मातीत शिरतात आणि एक ते दोन महिने मुळे खातात. मग मातीतच कोष होतो आणि साधारण आठवड्याने नवा भुंगा बाहेर येतो. पावसाळ्यात माती मऊ आणि पाने कोवळी, त्यामुळे याचे फावते.

आता एक दिलाशाची गोष्ट. कपाशी, तूर, बाजरी, मका, बोर, पेरू, आंबा अशा पुष्कळ झाडांवर हा दिसतो. पण वाढलेल्या पिकाच्या चार पानांच्या कडा खाल्ल्या म्हणून उत्पन्न बुडत नाही. तेवढ्यासाठी पंप पाठीला लावू नये. काळजी करावी ती कोवळ्या रोपांची, आणि वांग्यासारख्या पिकाची, जिथे अळी मुळाला लागली तर झाडच जाते.

माना टाकलेले झाड उपटून पाहा

झाड कोमेजले की आपण सरसकट ‘मर लागली’ म्हणतो. पण कारणे निरनिराळी असतात आणि उपायही निरनिराळे. म्हणून एक झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह खुरप्याने काढावे. नुसते ओढून काढू नये, अळ्या मातीत राहून जातात.

मुळांची साल कुरतडलेली आणि मातीत बिनपायांच्या, पांढरट, किंचित वाकलेल्या बारीक अळ्या असतील तर राखी सोंडा. अळी मोठी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोके तांबूस आणि पुढे पायांच्या तीन जोड्या असतील तर ती हुमणी. पाय आहेत की नाहीत एवढे पाहिले तरी या दोघींचा घोळ होत नाही.

मूळ पोकळ करून आत माती भरलेली असेल तर वाळवी. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. मूळ धड आहे पण खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसतात, तर बुरशीची मर. आणि ताजे खोड कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरला असता काही मिनिटांत दुधासारखा धागा खाली उतरू लागला, तर ती जिवाणूंची मर.

या साऱ्या तपासणीला खुरपे, चाकू आणि पाण्याचा पेला एवढेच साहित्य लागते. १९९७ साली हे सगळे आबांच्या घरात होते.

उपाय कोणते?

पहिला उपाय हाताचा. सकाळी ऊन चढण्याआधी भुंगे जरा सुस्त असतात. झाडाखाली उलटी छत्री किंवा जुने धोतर धरावे आणि झाड हलवावे. धक्क्याने पडण्याची याची सवय इथे आपल्या कामी येते. पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाकावेत. घरच्या वांग्याच्या तुकड्यात मुलांनी आठवडाभर हे काम केले तरी फरक पडतो. अंडी घालण्याआधी मादी सापडली तर पुढच्या शेकडो अळ्या टळल्या.

दुसरा उपाय मशागतीचा. ज्या रानात झाडे गेली, तिथले वाळलेले झाड मुळासकट काढावे आणि त्या जागेची माती उकरून अळ्या वेचाव्यात. पीक निघाल्यावर रान नांगरून तापू द्यावे. उघड्या पडलेल्या अळ्या-कोष साळुंक्या आणि बगळे टिपतात. त्याच रानात लगेच पुन्हा वांगी घेऊ नयेत.

तिसरा उपाय निंबोळी पेंडीचा. लागणीच्या वेळी एकरी दोनशे किलो पेंड मातीत मिसळावी. शेणखत पुरते कुजलेलेच घालावे. मुळांवरच्या अळ्यांसाठी मेटारायझियम ही मित्रबुरशी मिळते. ती शेणखतात मिसळून ओल असताना द्यावी. कोरड्या मातीत ती टिकत नाही.

रासायनिक औषध हा शेवटचा मार्ग. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला घरोघरी बीएचसी पावडरीची पिशवी असे. कोणतीही कीड दिसली की ती धुरळायची, हाच शिरस्ता. १९९७ साली बीएचसीवर देशात बंदी आली. पुष्कळ जुन्या पुस्तकांत भुंगेऱ्यांसाठी सांगितलेले कार्बारिल २०१८ साली बंद झाले. म्हणून जुन्या कात्रणातले किंवा शेजाऱ्याने सांगितलेले औषध आणू नये. कृषी सहायकाला किडा दाखवावा, त्या पिकासाठी आज जे शिफारशीत आहे तेच घ्यावे, आणि वांग्याच्या दोन तोड्यांत किती दिवस थांबायचे ते लेबलवर वाचूनच फवारावे. तीच वांगी आपल्या आणि दुसऱ्यांच्या लेकरांच्या ताटात जातात.

नाव माहीत असण्याचे मोल

कोणी म्हणेल, एवढ्याशा किड्याचे नाव-गाव कशाला? ऐका तर. शास्त्रज्ञ राखी सोंड्याच्या गोताला मायलोसेरस म्हणतात. हे नाव १८२३ साली स्वीडनच्या शोनहेर यांनी दिले. यात तीनशेहून अधिक जाती आहेत. आपल्या राखी सोंड्याचे वर्णन १८९१ साली फाउस्ट यांनी केले, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘अकरा ठिपक्यांचा’ असा होतो. १९१६ साली गाय मार्शल यांनी हिंदुस्थान आणि सिलोनमधल्या सोंड्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात सिलोनकडच्या या किड्याच्या एका उपजातीचीही नोंद केली. त्यानंतर या गोताचा पुरता आढावा दिल्लीच्या राममूर्ती आणि घई यांनी १९८८ साली घेतला. दोन्हींमध्ये बहात्तर वर्षांचे अंतर!

आता पुढचे पाहा. २००० साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात लिंबूवर्गीय झाडांवर एक अनोळखी पांढरट भुंगा सापडला. तो निघाला तीच सिलोनकडची उपजात. पुढे तो तिथे शंभराहून अधिक प्रकारच्या झाडांवर दिसला. समुद्रापलीकडच्या बागाईतदाराच्या किड्याला नाव मिळाले, ते आपल्याकडच्या किड्यांवर कधीकाळी कोणीतरी बारकाईने लिहून ठेवले होते म्हणून. नाव कळले तेव्हा अंडी कोठे घालतो, अळी काय खाते, हेही कळले. नाव नसते तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

आपल्या माळावर असे किती सोंडे बिननावाचे फिरत असतील! म्हणून अनोळखी किडा दिसला तर या भगिनीसारखे करावे. काड्यापेटीत कापूस घालून किडा ठेवावा. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि किडा पानावर सापडला की मातीत, एवढे लिहावे. चिठ्ठीवाचून किडा म्हणजे पत्त्यावाचून पाकीट. तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात तो दाखवावा. आपल्या पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्रही आहे. तिथे प्राण्यांच्या नोंदी ठेवण्याचेच काम चालते.

शेवटी त्या पत्राविषयी. भगिनीला मी कळवले होते, ‘आधी कोणतीच बाटली उघडू नका. एक माना टाकलेले झाड खुरप्याने काढा आणि मुळाशी काय दिसते ते लिहा.’ परवा उत्तर आले. मुळांशी अळ्या निघाल्या, बिनपायांच्या. वाळलेली झाडे त्यांनी मातीसह काढली, भोवतालची माती उकरून अळ्या वेचल्या. मुले रोज सकाळी छत्री घेऊन वाफ्यात जातात. एक बाटली बुरशीच्या औषधाची होती, ती दुकानदाराने परत घेतली. दुसरी कृषी सहायकाला दाखवून मगच काय ते ठरवणार आहेत. आणखी किती झाडे जातील ते पुढच्या पंधरा दिवसांत कळेल. पण निदान त्यांना आपला वैरी कोण, हे माहीत झाले आहे.

आबांच्या तुकड्यात ते मला वेळेवर कळले नव्हते. तुमच्या रानात तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. आज संध्याकाळी वांग्यात चक्कर टाकाल तेव्हा पानांच्या कडा पाहा. खाचा दिसल्या तर खाली बसा आणि माती उकरा.